किटलीतलं पाणी

पोराच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सगळी भावकी बघत असताना, मी नव्या सुनेला मूठ उघडायला लावली. लावली म्हणजे मी नुसतं "मूठ उघड" एवढंच म्हणालो. पुढचं काम माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं केलं. पण सुरुवात माझी.

त्याचं असं झालं. लग्नानंतर आमच्याकडं अंगठीचा खेळ असतो. परातीत पाणी घ्यायचं, त्यात हळद, कुंकू, थोडं दूध, वर झेंडूच्या पाकळ्या. तळ दिसेनासा झाला की अंगठी सोडायची आणि नवरा-नवरीनं एकेक हात घालून ती शोधायची. जो जास्त वेळा काढेल त्याचं पुढं घरात चालतं म्हणतात. आमच्या लग्नात मी जिंकलो होतो. त्याचा पुढं काही उपयोग झाल्याचं मला तरी आठवत नाही.

तर सणसरला आमच्या अंगणात परात मांडली. बायका दाटीवाटीनं बसलेल्या, पुरुष मंडळी आपलं लक्षच नाही असं दाखवत मागं उभी. पहिल्यांदा अंगठी सोडली, आमच्या पोरानं हात घातला आणि लगेच काढली. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा तर अंगठी पाण्यात पडायच्या आधीच त्यानं झेलली की काय, असं वाटलं. बायका ओरडल्या, "आरं, नवरीला शोधू तर दे!" पोरगा म्हणाला, "झालं की आता. जिंकलो मी. उचला परात."

मला त्याचा रागच आला. म्हटलं, कालच लग्न झालंय आणि आजच एवढी मिजास! सुनेचा चेहरा उतरलेला दिसत होता. मला वाटलं, हरल्यामुळं उतरला. म्हणून मी मागून ओरडलो, "असं न्हाय चालायचं! सूनबाई जिंकेपातुर खेळ थांबणार न्हाय!"

पोरानं माझ्याकडं असं काही बघितलं, की तो दहावीत असताना मी त्याच्या वर्गात जाऊन प्रगतीबद्दल विचारलं तेव्हाही त्यानं तसं बघितलं नव्हतं. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावला. खेळ पुढं चालू. चौथ्यांदा, पाचव्यांदा. पोरगा घाईघाईनं शोधतोय, मी ओरडतोय, "तू हात काढ रं, तिला बघू दे!" शेवटी सुनेनं एकदम हात बाहेर काढला, मूठ आवळली आणि पदराखाली घेतली. परातीत अंगठी काही दिसेना.

"घावली!" मी म्हणालो. "सूनबाईच्या मुठीत हाय अंगठी. लाजतीया. मूठ उघड की बाय!"

ती मान हलवत राहिली. तेव्हा शेजारी बसलेल्या आक्कानं हसत हसत तिचं मनगट धरलं, पदरातून हात ओढला आणि बोटं सोडवली.

मुठीत अंगठी नव्हती. तळहात होता, पण तो तिचा वाटत नव्हता. पांढराफटक, फुगलेला, सुरकुत्याच सुरकुत्या आणि मधेमधे बारीक उठलेले दाणे. हळदीच्या पाण्यातून निघालेला हात पिवळा दिसायला हवा, तर हा भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखा. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरीच्या मनगटाला कुणीतरी म्हातारीचा तळवा लावून दिल्यासारखा. कुणीतरी परातीतली एक पाकळी बाजूला केली. अंगठी तिच्याखालीच होती.

"पाण्यानं होतं तसं," पोरगा म्हणाला. "सुकलं की जातं."

"पाण्यानं?" आक्का म्हणाली. "आमचं हात जल्मभर पाण्यात हायती. आमचं न्हाय कधी असं झालं."

जेवणं होईपर्यंत तळहात पहिल्यासारखा झालासुद्धा. मी चोरून बघितला. वाढताना तिचा हात गुलाबी, सरळ, कुणाच्याही हातासारखा. पण तो बघायला तेव्हा कुणी थांबलं नव्हतं. पांढरा बघितलेली मंडळी आपापल्या घरी पोचली होती. आक्काच्या तोंडून 'कोड' हा शब्द निघाला, तो संध्याकाळपर्यंत कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचला. तिथं उसाची ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या माझ्या चुलतभावानं मला फोन करून विचारलं, "दादा, पोरीच्या अंगावर हाय का नुसत्या हातावर?"

मी फोन ठेवून दिला. आमची ही मात्र बोलली. मला नाही, आक्काला. चुलीपुढं बसल्या बसल्या एवढंच, "आन आसतं कोड तर काय टाकून दिली आसती का पोर?" आक्का म्हणाली, "मी कोड हाय म्हणलं न्हाय. कोड तर न्हाय ना, म्हणलं." हा फरक आक्काला फार मोठा वाटत होता.

पाचव्या दिवशी सून पाचपरतावणाला माहेरी गेली. नवी नवरी लग्नानंतर पाचव्या दिवशी माहेरी जाते, चार दिवस राहते, मग सासरचं कुणीतरी जाऊन तिला घेऊन येतं. तिचं माहेर वडगाव निंबाळकर. आमचा पोरगा जाऊन सोडून आला. चार दिवस झाले, विहीणबाईंचा फोन आला, "आजून दोन दिस राहू द्या." दोन दिवस झाले, पुन्हा तेच. पोरगा कारखान्यात पाळीला जायचा, यायचा, जेवायचा आणि फोन घेऊन गोठ्यामागं जायचा. परत आला की तोंड असं, की गायीसुद्धा त्याच्याकडं बघून रवंथ थांबवायच्या.

शेवटी एक दिवस ही म्हणाली, "ती येत न्हाय म्हनतीया. फसवून लगीन केलं आसं कुणी म्हणायच्या आदी मी हितंच ऱ्हाते, म्हनतीया. पोराला रडू येतंय, तुमाला काय दिसतं का न्हाय?"

"मग पाठव की त्याला आणायला."

"तो जाऊन आलाय दोनदा. तुमाला सांगितलं न्हाय त्यानं." मग तिनं हातातली परात खाली ठेवली. "मूठ तुमी उघडायला लावली. तुमीच जावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. निघण्याआधी मी विचार केला होता. माझे सगळे घोटाळे विचार केल्यानंतरच होतात. विचार असा : पोरीचा हात आमच्या घरी बिघडला, तर दोष आमच्या बोअरच्या पाण्यात असणार. आमचं पाणी जड. भांड्यांवर पांढरे डाग पडतात, मग हातावर का पडणार नाहीत? येताना बारामतीत कातडीच्या डॉक्टरांकडं पोरीला न्यायचं आणि पाणीही दाखवायचं. म्हणून दुधाची मोठी किटली धुतली, बोअरचं पाणी भरलं, झाकण घट्ट लावलं आणि गाडीत पुढच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला. मी स्वतः पट्टा लावला नव्हता, ते बारामतीत पोलिसानं लक्षात आणून दिलं. त्यानं किटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता जाऊ दिलं. त्याच्याही घरी कुणीतरी माझ्यासारखं असावं.

वडगावला व्याह्यांनी माझं स्वागत केलं, ते पाव्हण्याचं आणि आरोपीचं अर्धं अर्धं. म्हणजे चहा दिला, पण कुणी हसेना. सून आत होती. मी म्हणालो, "पाव्हणं, मला जरा पोरीशी बोलू द्या. मी कुणाचा निरोप घिऊन आलो न्हाय."

ती ओसरीवर येऊन उभी राहिली. दोन्ही हात पदराखाली. मी घोटाळ्याबद्दल माफी मागायची तयारी करून गेलो होतो. वाटेत दोन-तीन वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरली आणि तोंडातून आलं, "तुझ्यासाठी पाणी आणलंय."

ती गोंधळली. व्याही गोंधळले. मग मी किटलीचा सगळा प्रकार सांगितला. जड पाणी, भांड्यांवरचे डाग, डॉक्टर. बोलताना माझ्याच लक्षात येत होतं की हे घरी जेवढं शहाणपणाचं वाटलं होतं, तेवढं आता वाटत नाही. सून ओठ दाबून ऐकत होती. तिच्या आईनं तोंडाला पदर लावला. रडू आलं असेल म्हणून मी खाली बघितलं. ती हसत होती.

"मामा," सून म्हणाली, "तुमच्या पाण्याचा दोष नाही. कुठल्याही पाण्यानं होतं. कॉलेजला होते तेव्हापासून."

"मग दाखवलं न्हाय कुणाला?"

"दोन डॉक्टरांना दाखवलं. तिथं जाईपर्यंत हात सुकतो. सुकला की काहीच दिसत नाही. एक म्हणाले, मनाचं आहे. एकांनी खरजेचं मलम दिलं."

"आन आमच्या पोराला म्हाईत हुतं?"

ती पहिल्यांदाच थोडी हसली. साखरपुड्याच्या आधी दोघं बारामती रस्त्यावरच्या एका रसवंतीवर भेटले होते. तिला लग्नाआधी सांगून टाकायचं होतं, आई नको म्हणत होती. तिनं काही न बोलता समोरच्या पाण्याच्या ग्लासात बोटं बुडवून धरली. रस येईपर्यंत बोटं पांढरी झाली, सुरकुतली. तिनं ती त्याच्यापुढं धरली. "ते म्हणाले, दुखतं का? एवढंच विचारलं. मी म्हटलं, जळजळतं, ओढल्यासारखं होतं. तर त्यांनी त्यांच्या रुमालानं पुसली."

परातीतला खेळ मला परत पहिल्यापासून दिसायला लागला. पोरगा तीनदा झटक्यात अंगठी का काढत होता. "उचला परात" का म्हणत होता. आणि मागं उभा राहून कोण ओरडत होतं.

"त्याला तुझा हात लवकर भाईर काढायचा हुता," मी म्हणालो.

"हो मामा."

"आन मी—"

"तुम्हाला मला जिंकवायचं होतं," ती म्हणाली. "ते मला कळलं होतं."

कळलं होतं म्हणाली, आणि मी वाटेत जुळवलेली वाक्यं आता नीट आठवली, पण त्यांची गरज उरली नव्हती. म्हणालो, "घरी यायचं का न्हाय, ते तुझ्यावर. पण बारामतीपातुर चल. डॉक्टरला हात भिजवून दाखवू. मग तू म्हणशील तिकडं सोडतो. डावीकडं वडगाव, उजवीकडं सणसर. गाडी दोन्हीकडं वळती."

ती तिच्या आईकडं बघत राहिली. आई म्हणाली, "जा. हात भिजवून दावायचं आपल्या डोस्क्यात कसं आलं न्हाय एवढी वर्षं?" मी त्याचं श्रेय घेतलं. मला सुचलं होतं वेगळंच, पण ते कुणी विचारलं नाही.

बारामतीतला दवाखाना पहिल्या मजल्यावर. मी किटली घेऊन जिना चढलो. बाहेर बसलेल्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, "काका, दूध मागच्या दारानं." मी म्हणालो, "दूध न्हाय, पाणी हाय." ती म्हणाली, "मग इथं कशाला?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते लांब होतं, म्हणून मी नुसता बसून राहिलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "गायीचं का म्हशीचं?" मी किटली उचलून मांडीवर घेतली.

डॉक्टरीणबाई साधारण आमच्या पोराच्याच वयाच्या. त्यांनी सुनेचे दोन्ही हात उजेडात धरले, उलटसुलट केले. "आत्ता तर काही दिसत नाही."

"दिसणार न्हाय," मी पुढं सरकलो. "त्यासाठीच पाणी आणलंय."

"काका," त्या म्हणाल्या, "बेसिन आहे इथं."

खोलीच्या कोपऱ्यात पांढरंशुभ्र बेसिन होतं. नळ होता. नळाला पाणी होतं. मी किटली मांडीवरून खाली ठेवली. दवाखान्यात पाणी असेल, हे माझ्या सगळ्या विचारात कुठंच आलं नव्हतं. पण बाई भल्या. म्हणाल्या, "आणलंच आहे तर वापरू. डावा हात काकांच्या पाण्यात, उजवा नळाच्या." दोन टब मांडले. सूनबाईनं दोन्हीत हात घातले आणि आम्ही तिघं बघत बसलो.

मी तोवर नीट बघितलंच नव्हतं. आधी बोटांची टोकं फिकी झाली. मग तळव्यावरच्या रेषा खोल गेल्या, जणू कुणी कागद मुठीत चुरगाळून परत उलगडतंय. मग पांढरेपणा पसरत गेला आणि बारीक दाणे वर आले. सूनबाईनं खालचा ओठ दातांत धरला. मला एकदम वाटलं, आता बास, काढा हात. ते मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो, पुरे." दोन्ही हात सारखेच झाले होते. आमच्या बोअरची निर्दोष सुटका झाली.

त्यांनी फोटो काढले, बरंच विचारलं. हाताला घाम फार येतो का, कुठली औषधं चालू आहेत का, लहानपणापासून सारखा खोकला, दम असं काही आहे का. मग म्हणाल्या, "हे मी पुस्तकात वाचलंय. समोर पहिल्यांदाच बघतेय." आजाराचं नाव सांगितलं. ते इंग्रजी नाव इतकं लांब होतं, की मी अर्ध्यातच सोडलं. अर्थ एवढाच, की हिच्या तळव्याची कातडी पाणी फार पटकन धरते. कोड नाही, खरूज नाही, कुणाला लागत नाही. रात्री कोरड्या हाताला लावायचं औषध दिलं. पाण्याची कामं कमी करा आणि केलीच तर आत सुती, वर रबरी असे हातमोजे घाला, म्हणाल्या. काहींचं पुढं आपोआप कमी होतं, काहींचं राहतं. "मनाचं नाही ना?" सूनबाईनं विचारलं. "मनाचं असतं तर फोटोत आलं असतं का?" बाई म्हणाल्या.

सूनबाई तेव्हा रडली. लग्नात पाठवणीला नव्हती रडली एवढी. मी माझा रुमाल काढला, पण त्यानं वाटेत किटलीचं तोंड पुसलं होतं, तो ओला होता. ओला रुमाल तिला देणार तेवढ्यात लक्षात आलं आणि परत खिशात घातला. तेवढा एक घोटाळा मी टाळला.

खाली आलो, गाडीत बसलो. मी चावी फिरवली, पण गाडी हलवली नाही. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. तिनं दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले होते. ते हळूहळू सपाट होत होते.

"आक्का असतील घरी?" तिनं विचारलं.

"आसंल. तुला आणायला गेलोय कळल्यावर ती कुठं जाती!"

"मग तिकडंच वळवा."

आक्का दारातच होती. एका हातात ओवाळून टाकायला भाकरतुकडा, दुसऱ्या हातात पायावर घालायला पाण्यानं भरलेला तांब्या. मी गाडीतून उडी मारून ओरडलो, "पाणी नगं! पाणी नगं!" आक्का म्हणाली, "तुला काय झालं? पायावर घालायचंय." तेही खरं होतं. त्रास हाताचा होता.

आक्कानं ओवाळलं, पायावर पाणी घातलं. तांब्यात अर्धं उरलं. सूनबाई उंबऱ्यावरच थांबली आणि तिनं उजवा हात पुढं केला. "आक्का, ह्याच्यावर पण ओता."

"ते कशाला?"

"ओता ना. बघा तरी."

आक्कानं माझ्याकडं बघितलं, मग हिच्याकडं बघितलं. ही दाराला टेकून उभी होती, म्हणाली, "वता की आक्का." आक्का ओतत राहिली. तांब्या संपला, हिनं दुसरा आणून दिला. तळहात आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बदलत गेला. यावेळी मुठीत नव्हता, पदराखाली नव्हता, दारात उन्हात होता. शेजारच्या दोघी-तिघी कुंपणाशी आल्या. सूनबाईनं त्यांनाही दिसेल असा धरला.

आक्कानं तांब्या खाली ठेवला. "दुखतं का गं?" ती म्हणाली.

दाराआडून आमचा पोरगा बाहेर आला होता, त्यानं मान दुसरीकडं वळवली. सूनबाई म्हणाली, "जळजळतं." आक्कानं आपल्या पदरानं तो हात टिपला, चोळला नाही, नुसता टिपला आणि दोन्ही हातांत घेऊन ओसरीवर बसली. हात पहिल्यासारखा होईपर्यंत तिनं तो सोडला नाही. मधे चहा आला, तोही तिनं डाव्या हातानं प्याला. शेवटी तळवा गुलाबी झाला तेव्हा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "मी तवाच म्हणलं हुतं, कोड न्हाय म्हणून." मग चप्पल घातली आणि भावकीत सांगायला निघाली. खोटं जेवढ्या वेगानं गेलं होतं, तेवढ्याच वेगानं खरं गेलं, याबद्दल आक्काचे आभार मानायला हवेत. संध्याकाळी वजनकाट्यावरून चुलतभावाचा फोन आला, "दादा, पोरीला पाणी चालत न्हाय म्हणं. मग पिती काय?"

त्याच संध्याकाळी हिनं पुन्हा परात मांडली. पाण्याऐवजी गहू घातले, त्यात अंगठी सोडली. पोरगा आणि सून समोरासमोर बसले. पोरानं या वेळी अजिबात घाई केली नाही. गव्हात हात घालून दोघं उगाचच बोटं फिरवत बसले. अंगठी सूनबाईला सापडली. मी मागं उभा होतो, पण एक शब्द बोललो नाही. हिनं मला आधीच दम दिला होता.

मग घरातल्या कामांची फिरवाफिरव झाली. सूनबाईकडं कडबाकुट्टी, चारा, धारांचं मशीन आणि चुलीवरचं कोरडं काम आलं. पीठ मळायचं आमची ही करते. राहिली भांडी आणि दुधाच्या किटल्या, त्या कुणीतरी घासायला हव्यात म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बोअरपाशी बसून घासायला लागलो. येणारेजाणारे थांबून बघायचे. एकानं तर विचारलं, "मालकीणबाई आजारी हायत्या का?"

पहिल्या दिवशी सगळं घासून झाल्यावर मी उठलो, हात झटकले आणि बघितलं तर माझीही बोटं सुरकुतलेली, पांढरी. मला गंमत वाटली. दोन्ही तळवे पुढं धरून मी हिला दाखवायला गेलो. "बघ, मला पण झालं!"

हिनं माझे हात घेतले, नीट बघितले. मग आपला एक तळवा त्यांच्याशेजारी उताणा धरला.

"माझं लगीन झाल्यापास्नं रोज ह्यो आसाच हुतो," ती म्हणाली. "तवा न्हाय कुणी किटली घिऊन डाक्टरकडं गेलं." आणि माझे हात सोडून म्हणाली, "जावा, ती मोठी किटली परत घासा. बुडाला साय तशीच हाय."